गलका

शिक्षकाच्या तोंडून दिवसभरात सर्वांत जास्त वेळा बाहेर पडणारे शब्द कोणते, याची कुणी मोजदाद केली, तर त्यात ‘अभ्यास’ हा शब्द फार खालच्या नंबरावर सापडेल. ‘ज्ञान’ तर यादीत येणारच नाही. पहिला मान मिळेल तो ‘शांत बसा’ या दोन शब्दांना, आणि दुसरा ‘कोण बोलतंय तिकडे?’ या प्रश्नाला. आम्ही मास्तर-बाई मंडळी जन्मभर काय शिकवतो, असे कुणी विचारले, तर ‘मराठी’ किंवा ‘गणित’ हे उत्तर द्यायची रीत आहे. पण तास मोजून हिशेब केला, तर आम्ही मुख्यतः गप्प बसायलाच शिकवतो.

गलक्या-गलक्यात फरक असतो, हे मात्र वर्गात उभे राहिल्याशिवाय कळायचे नाही. पहिल्या पावसाची सर खिडकीवर आपटली की उठतो तो एक गलका. मधल्या सुट्टीची घंटा व्हायला दोन मिनिटे उरली असताना डब्यांच्या झाकणांसकट सुरू होतो तो दुसरा. सहामाहीचे पेपर वाटताना होणाऱ्या गलक्यात निम्मी भीती असते. या साऱ्यांची मला सवय आहे, आणि खरे सांगायचे तर त्यांच्यावाचून मला करमतही नाही. दिवाळीच्या सुट्टीत काही कामासाठी शाळेत जावे लागले, म्हणजे ते रिकामे वर्ग अंगावर येतात.

मला काळजी वाटते ती या गलक्यात कधीच सामील न होणाऱ्या दोन-चार पोरांची. प्रत्येक वर्गात ती असतात. ती शेवटच्या बाकावर बसतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे; पण तो बाक दांडग्यांचा असतो, आणि दांडग्यांना दोस्त पुष्कळ असतात. ही पोरे कुठेही असतात: भिंतीकडेला, खांबाआड, कधीकधी अगदी पहिल्या रांगेतसुद्धा. सहलीच्या एसटीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहते. प्रकल्पासाठी चार-चार जणांचे गट पाडा म्हटले, की दोन मिनिटांत सारा वर्ग आपापल्या गटात शिरतो आणि ही तेवढी जागच्या जागी उभी राहतात. मग आपण म्हणतो, “बरं, उरलेल्यांचा एक गट करा.” महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत हे वाक्य रोज कुणी ना कुणी उच्चारत असेल. पण त्या उरलेल्यांच्या गटाचे पुढे काय होते, हे आपण क्वचितच पाहतो.

मी ते पाहिले ते फार लांबच्या एका शाळेच्या बाबतीत, आणि तेही माझ्याच एका विद्यार्थिनीमुळे.

नववीतली ही मुलगी. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर नेहमी गिटारी काढलेल्या असत, आणि त्या गिटारींना काटे असत. वर्गात तिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकला होता. एका रविवारी ती माझे एक पुस्तक परत करायला घरी आली. चहा नको म्हणाली, मग घेतला, आणि जाता जाता एकदम मोबाइल पुढे करून म्हणाली, “बाई, एक गाणं ऐकाल?”

मी ऐकले. ऐकले म्हणण्यापेक्षा ते माझ्यावर येऊन आदळले. स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी मध्यरात्री एकदम कोसळावी, आणि ती कोसळताना कुणीतरी ताल धरलेला असावा, असे काहीसे ते होते. त्या कोसळण्यातून एक उंच, धारदार आवाज वर येत होता.

“अगं, हे गाणं आहे की भांडण?” मी विचारले.

“दोन्ही,” ती म्हणाली. आणि मग ही हजेरीपुरते बोलणारी मुलगी माझ्या उंबऱ्यात उभी राहून चांगली पंधरा मिनिटे बोलली. गाणारी मुलगी आहे, तिघी आहेत, शाळेत असताना त्यांनी हे सुरू केले, आणि त्यांच्या बँडच्या नावाचा अर्थच गलका करणाऱ्या असा आहे, हे सारे मला तेव्हा कळले. त्या नावाने मला पकडले. पुढे महिनाभर मी फावल्या वेळात त्या तिघींच्या मुलाखती वाचीत होते, त्यांची गाणी ऐकत होते.

‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हे त्या बँडचे नाव. ‘बाचेप्रोत’ हा शब्द सुंदानी भाषेतला आहे. जावा बेटाच्या पश्चिम भागात जी माणसे राहतात त्यांची ही भाषा. त्या भागात बांडुंग शहराच्या आग्नेयेला गारुत नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. आजूबाजूला ज्वालामुखी, खाली भाताची खाचरे. गारुतचे नाव साऱ्या इंडोनेशियात घेतले जाते ते तिथल्या ‘दोदोल’ नावाच्या मिठाईसाठी. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि ताडगूळ एकत्र तासन्‌तास आटवून ती करतात. आपल्या गोव्यात नाताळात होणारे दोदोल ज्यांनी खाल्ले आहे, त्यांना त्या गावाची चव आधीच ठाऊक आहे असे समजायला हरकत नाही.

त्या प्रदेशातल्या सिंगाजाया भागातल्या या मुली. ‘सिंगा’ म्हणजे सिंह आणि ‘जाया’ म्हणजे जय. दोन्ही शब्द संस्कृतातून तिकडे गेलेले. मुलींची नावेही अशीच गमतीची आहेत. गाणारी आणि गिटार वाजवणारी फिर्दा मार्स्या कुर्निया. ड्रम वाजवणारी युइस सिती आयशा. आणि बेस गिटार वाजवणारी विदी रहमावती. ‘रहमत’ अरबीतली आणि ‘वती’ आपल्या लीलावती-कलावतीतली! दोन संस्कृती एका मुलीच्या नावात इतक्या सहज नांदत असलेल्या पाहून मला मोठे नवल वाटले. कुठले तिथले आणि कुठले बाहेरचे, याचा हिशेब नावांनी कधीच सोडून दिलेला असतो. माणसेच तो मांडीत बसतात.

तिघी एका मदरशाच्या माध्यमिक शाळेत शिकत होत्या. २०१४ साली बँड सुरू झाला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या आणि नियमांत नीट न बसणाऱ्या मुली म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाई. अशी मुले प्रत्येक शाळेत शेवटी एकाच दारात जाऊन पोचतात, ते म्हणजे समुपदेशकाच्या खोलीचे. त्यांच्या शाळेत हे काम एर्झा नावाच्या शिक्षकाकडे होते. मुली त्यांना ‘आबाह’ म्हणत. सुंदानीत आबाह म्हणजे वडील; आपल्या ‘आबा’शी त्याचा काही संबंध नसावा, पण कानाला तो शब्द परका वाटत नाही.

आबाह एर्झा शाळेत नाटकाचा वर्गही घेत असत. या तिघी त्या वर्गात होत्या. पण अभिनयात त्यांचा जीव फारसा रमेना, तेव्हा आबाहनी त्यांच्यापुढे वाद्ये ठेवली. पुढची हकीगत मार्स्याने मुलाखतींतून सांगितली आहे. शिक्षकांच्या लॅपटॉपवर त्यांना ‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ या अमेरिकन बँडचा ‘टॉक्सिसिटी’ हा अल्बम सापडला, आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी पेटले. हा अल्बम २००१ सालचा, म्हणजे या मुली पाळण्यात होत्या तेव्हाचा. तो करणारे चौघे लॉस एंजेलिसचे, पण वंशाने आर्मेनियन. १९१५ साली सुरू झालेल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलीतून वाचलेल्यांची ही नातवंडे. आजी-आजोबांच्या गप्प बसलेल्या दुःखाला त्यांनी आवाज दिला होता. तो आवाज अर्धी पृथ्वी ओलांडून एका मदरशातल्या लॅपटॉपवर पोचला, आणि तीन सुंदानी मुलींना वाटले की हा आपलाच आहे. एका उरलेल्यांच्या गटाने दुसऱ्या उरलेल्यांच्या गटाला मारलेली ती हाक होती.

हेवी मेटल हा प्रकार मुळात अशांच्याच हातून जन्माला आला. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात १९६५ साली टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा एक मुलगा पत्रे कापण्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याचा नोकरीचा तो शेवटचा दिवस. उद्यापासून तो गिटार वाजवायला मोकळा होणार होता. त्याच दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात तोच. निराश होऊन पडलेल्या या मुलाला कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने एक तबकडी आणून ऐकवली. ती होती जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची. जळालेल्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावरही जगात नाव मिळवलेला हा माणूस. आयोमी उठला. भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांच्या टोपणांसारखी दोन टोके केली, त्यांवर चामडे चिकटवले, आणि गिटारीला नेहमीपेक्षा बारीक तारा लावल्या. पुढे तर तारा सैल करून त्याने सारा स्वरच खाली उतरवला. त्यातून तो जड, खोल, जमिनीखालून आल्यासारखा नाद निघाला. १९६८ साली स्थापन झालेल्या त्याच्या बँडचे नाव ‘ब्लॅक सॅबथ’. २०२५ च्या जुलैत वारलेला, त्या बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न पंधराव्या वर्षी शाळा सोडून बाहेर पडलेला होता. त्याला अक्षरे नीट लागत नसत आणि काही काळ त्याने कत्तलखान्यात काम केले होते. म्हणजे हाही उरलेल्यांचाच गट!

हा सारा इतिहास वाचून झाल्यावर मी त्या मुलीने ऐकवलेले गाणे पुन्हा ऐकायला घेतले, आणि या वेळी मला त्यात एक ओळखीची गोष्ट सापडली. विजेच्या गिटारीचा आवाज वाढवण्याच्या यंत्राला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त रेटले, की नादलहरींचे शेंडे छाटले जातात आणि त्यातून नवे उपस्वर फुटतात. त्यामुळे तो आवाज खरखरीत होतो. अशा आवाजात जास्त स्वर एकत्र वाजवले तर नुसता चिखल होतो. म्हणून ही मंडळी बहुधा दोनच स्वर एकत्र छेडतात: मूळ स्वर आणि त्याचा पाचवा. म्हणजे षड्ज आणि पंचम! आपल्याकडे मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोऱ्यावर जे दोन स्वर डोळे मिटून जुळवले जातात, तेच हे दोघे. माझ्या उंबऱ्यात जे कोसळले होते, त्याच्या तळाशी सा आणि प शांतपणे बसलेले होते. एवढे कळल्यावर तो आवाज मला गोड वाटू लागला, असे मी म्हणणार नाही; पण परका मात्र राहिला नाही.

गावाने या मुलींचे कौतुक केले असेल, असे कुणाला वाटत असेल तर ते तसे झाले नाही. घरच्यांचा प्रारंभी विरोधच होता. शेजारीपाजारी नावे ठेवीत. हे संगीत हराम आहे, सैतानाचे आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटले. धमक्या आल्या, दगडही आले.

हे सारे आवाजाला घाबरून झाले, असे मला वाटत नाही. जावा काही मुक्यांचे बेट नाही. तिथे लग्नसमारंभात ‘दांगदुत’ नावाचे संगीत मोठमोठे कर्णे लावून वाजते. ढोलकीवरच्या ‘दांग’ आणि ‘दुत’ या बोलांवरून त्याला नाव पडले, आणि आपल्या हिंदी चित्रपटगीतांचे रक्त त्याच्या अंगात भरपूर आहे. त्याने कुणाचे कान दुखत नाहीत. बरे, हेवी मेटल तिथे अनोळखी आहे म्हणावे, तर तेही नाही. बांडुंगजवळचे उजुंगबेरुंग हे तर त्या संगीताचे माहेरच समजले जाते. गंमत अशी, की परक्यांचे संगीत वाजवतात म्हणून ज्यांना नावे ठेवली, त्या तिथल्या मेटलवाल्या तरुणांनीच ‘कारिंदिंग’ हे तोंडात धरून वाजवायचे बांबूचे जुने सुंदानी वाद्य पुन्हा हाती घेतले. विस्मरणात चाललेले ते वाद्य त्यांच्यामुळे पुन्हा ऐकू येऊ लागले. आपल्या मोरचंगाचा तो भाऊच.

एवढेच नव्हे, तर २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे त्या देशाचे अध्यक्ष असलेले जोको विदोदो स्वतः हेवी मेटलचे शौकीन. ते जाकार्ताचे राज्यपाल असताना, २०१३ साली, ‘मेटालिका’ या बँडच्या वादकाने त्यांना आपली सही केलेली बेस गिटार भेट पाठवली. तेव्हा तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने ती लाच ठरू शकते म्हणून ताब्यात घेतली! देशाचा अध्यक्ष हे संगीत ऐकतो, ही साऱ्या देशाला कौतुकाची गोष्ट होती. त्याच देशातल्या चौदा वर्षांच्या तीन मुलींनी ते वाजवले, की ते पाप झाले.

आवाजाला कुणाचीच मनाई नसते. तो कुणी करायचा, याची मात्र एक न लिहिलेली यादी प्रत्येक गावात असते. आपल्याकडचीच गोष्ट घ्या. मिरवणुकीत ढोल-ताशा घुमला की म्हातारीकोतारी माणसेसुद्धा माना डोलावतात. पण पथकात कमरेला ढोल बांधून पोरी प्रथम उभ्या राहिल्या, तेव्हा भुवया उंचावल्याच होत्या. आज त्यांचेच फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतात. ढोल तोच, टिपरू तेच, ठेकाही तोच. बदलला तो फक्त हात.

गारुतमध्ये मुलींपुढे दुसरी वाट कोणती होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. १९७४ च्या कायद्याप्रमाणे इंडोनेशियात मुलीचे लग्न सोळाव्या वर्षी होऊ शकत असे. मुलाला मात्र एकोणीस पुरी करावी लागत. २०१९ साली कायदा बदलला आणि मुलींनाही एकोणीसची मर्यादा आली. म्हणजे या तिघी सोळा वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांच्यासाठी दुसरे दार कायद्यानेच उघडे होते. खेड्यात शाळा संपली की मुलीने संसाराला लागावे, हे कुणी मुद्दाम सांगतही नसते. ते हवेतच असते. त्या हवेत तीन मुलींनी रोज शाळा सुटल्यावर कडाड्‌कडाड ड्रम वाजवायचा, हा निव्वळ छंद नव्हता. आपण अजून इथेच आहोत, संपलेलो नाही, हे त्या रोज सांगत होत्या.

त्यांना न समजणारी माणसे एकाच बाजूला होती, असेही नाही. पुढे परदेशी वार्ताहर त्यांच्याकडे येऊ लागले, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न डोक्यावरच्या हिजाबाविषयी असे. डोके झाकणाऱ्या मुली असले संगीत कसे वाजवतात? गाव म्हणे, असले संगीत वाजवायचे तर डोके झाकून उपयोग काय. आणि पाहुणे म्हणत, असले संगीत वाजवता, तर डोके झाकता कशाला! हिजाब आम्ही आपखुशीने घालतो, आमच्या संगीताबद्दल काही विचारा, असे त्या वारंवार सांगत आल्या आहेत. त्यांनी धर्म सोडला नाही आणि गिटारही सोडली नाही. २०२१ साली त्यांनी काढलेल्या एका गाण्याचे नाव मराठीत सांगायचे, तर ‘देवा, मला संगीत वाजवू दे ना’ असे होईल. बंडखोर म्हणून गाजलेल्या मुलींनी केलेली ही प्रार्थना आहे. ज्यांनी त्यांना मना केले, त्यांना वगळून थेट वरच्याकडेच त्यांनी अर्ज टाकला.

पुढची हकीगत यशाची आहे, आणि ती मी थोडक्यात सांगते, कारण यशाच्या हकीगती साऱ्या सारख्याच असतात. २०१८ साली त्यांचे ‘स्कूल रेव्होल्यूशन’ हे गाणे निघाले. शाळेच्या साचेबंदपणावरचे हे गाणे शाळेतच जन्मलेल्या बँडचे असावे, हे योग्यच झाले. २०२१ च्या डिसेंबरात त्या फ्रान्समध्ये रेन शहरी वाजवून आल्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये उत्तर जर्मनीतल्या वाकेन या खेड्यात गेल्या. एरवी शेतीवाडीचे असलेले हे लहानसे गाव दर वर्षी काही दिवस साऱ्या जगातल्या मेटलवाल्यांची पंढरी होते. २०२३ मध्ये ‘रेतास’ हा त्यांचा अल्बम आला. आणि २८ जून २०२४ या दिवशी इंग्लंडातल्या ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात त्या उभ्या राहिल्या. १९७० पासून चालत आलेल्या त्या महोत्सवात वाजवणारा इंडोनेशियाचा हा पहिला बँड.

पण मला त्या रंगमंचापेक्षा मदरशातली ती समुपदेशकाची खोली जास्त पाहावीशी वाटते. तिथे नेमके काय घडले असेल? आबाह एर्झांनी काही अचाट केले नाही. त्यांनी मुलींना मोठे व्हा म्हणून भाषण दिले नसावे, आणि त्या एक दिवस इंग्लंडला जातील असे स्वप्नही त्यांना पडले नसेल. ‘गलका करणाऱ्या’ म्हणून ज्या मुली त्यांच्यापुढे उभ्या केल्या गेल्या, त्यांना गप्प करण्याऐवजी त्यांनी एवढेच पाहिले, की या गलक्याला ताल देता येईल का. शिक्षकाच्या धंद्यात हा फरक फार मोठा आहे. मुलाचा आवाज बंद करायला अर्धा क्षण पुरतो. एक पट्टी टेबलावर आपटली की काम झाले. त्याच आवाजाला ताल शिकवायचा, तर शाळा सुटल्यावर थांबावे लागते, बेसूर ऐकून घ्यावे लागते, मुख्याध्यापकांची आणि पालकांची बोलणी खावी लागतात, आणि निकालाच्या तक्त्यात या कामाला रकाना नसतो.

शिवाय वाद्य ही मोठी कडक मास्तरीण आहे. लोक समजतात, असल्या संगीतात शिस्त नसते. वाट्टेल तसे बडवले की झाले. प्रत्यक्षात तिघींतली एक जरी अर्ध्या मात्रेने मागे राहिली, तरी सारे कोसळते आणि मग तो नुसताच गलका उरतो. ड्रमवर हात वेगळे चालतात, पाय वेगळे चालतात, आणि कान तिसरीकडे ठेवावे लागतात. ज्या मुलींना शाळा बेशिस्त म्हणत होती, त्या रोज तास-दोन तास एकमेकींचे ऐकत, एकमेकींसाठी थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत बसल्या होत्या. बाहेरून तो आवाज ऐकणाऱ्याला वाटले असेल, की या मुली ओरडताहेत. खोलीत त्या मुख्यतः ऐकायला शिकत होत्या.

अशा शाळकरी बँडांपैकी शंभरातला एकही ग्लॅस्टनबरीला जात नाही, हे मला ठाऊक आहे. बाकीचे दहावी-बारावीच्या परीक्षेपर्यंत टिकतात. मग एकाची बदली झालेल्या बापाबरोबर रवानगी होते, दुसरा कोचिंग क्लासला लागतो, गिटार माळ्यावर जाते आणि तिच्यावर जुने पंखे नि ट्रंका येऊन पडतात. पण त्यामुळे ते वाया गेले, असे मी कधीच म्हणणार नाही. गट पाडताना जो नेहमी उरत होता, त्याच्यासाठी कुणीतरी एकदा थांबले. तो आल्याशिवाय गाणे सुरू झाले नाही, कारण बेस त्याच्याकडे होता. ही गोष्ट पंधराव्या वर्षी ज्याला मिळाली, तो पुढे बँकेत बसो की शेती करो, पुन्हा पहिल्यासारखा एकटा पडत नाही. आपल्यावाचून दुसऱ्या कुणाचे तरी अडते, हे ज्ञान कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. घरातल्या लाडक्याला ते आपोआप मिळते. उरलेल्याला ते स्वतःच्या हातांनी, भरपूर आवाज करून मिळवावे लागते.

यंदाच्या दिवाळीत, फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक वाचीत असताना, तुमच्या घरातल्या आतल्या खोलीतून असा एखादा आवाज येत असेल. दार लावलेले असेल. दारावर विचित्र अक्षरांतला कागद चिकटवलेला असेल. पाहुणे काय म्हणतील, म्हणून आवाज कमी करायला सांगावेसे वाटेल, आणि रात्रीचे दहा वाजून गेले असतील, तर तसे जरूर सांगावे. शेजाऱ्यांनाही झोप असते. पण त्याआधी चकल्यांची ताटली घेऊन त्या खोलीत जावे, पलंगाच्या कडेवर जरा टेकावे, आणि आत किती जण आहेत ते पाहावे. एकटेच असेल, तर कुणाला बोलवायचे आहे का, असे विचारावे. दोघे-तिघे असतील, तर ताटली ठेवून निघून यावे. तिथे गट पडलेला आहे.